अर्ध्यावरच्या गाडीचं मोल

ऑगस्ट २०२३मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे इथे आरएम सदबीज या संस्थेच्या लिलावात जळक्या, चेपलेल्या पत्र्याचा एक ढीग विकायला आला. ही मोटार आहे, असं सांगितल्याशिवाय कुणाला कळलं नसतं. ती होती १९५४ची फेरारी ५०० मोन्दियाल, पिनिन फारिनाने बॉडी घडवलेली. साठच्या दशकात ती अपघातात सापडली, पेटली आणि पुढे कित्येक वर्षं तशीच पडून राहिली. तो ढीग १८ लाख ७५ हजार डॉलरला गेला.

त्याच अमेरिकेत कितीतरी घरांमागच्या गॅरेजांमध्ये १९५०च्या आसपासची एखादी मर्क्युरी मोटार उभी असते. छत कापून खाली आणलेलं, दारांच्या मुठी काढून तिथला पत्रा बुजवलेला, अंगावर प्रायमरचा राखाडी हात, इंजिन शेजारी स्टँडवर, सीट कुशनवाल्याकडे, बंपर क्रोमला गेलेले. मालकाची आठ-दहा वर्षांची बचत त्यात गेलेली असते. ती आहे तशी विकायला काढली, तर झालेल्या खर्चाच्या निम्मे तरी हाती येतील याची खात्री नसते. आणि उद्या गॅरेजला आग लागली तर विमा कंपनी किती देईल, हा प्रश्न बहुतेकांनी विचारलेलाच नसतो.

दोन्ही गाड्या अपुऱ्या. दोन्ही रस्त्यावर चालण्याच्या लायकीच्या नाहीत. तरी एकीची किंमत ठरवणं सोपं आणि दुसरीची अवघड. जळक्या फेरारीला चासी क्रमांक होता आणि त्या क्रमांकामागे कारखान्याच्या, शर्यतींच्या, मालकांच्या नोंदी होत्या. ती पूर्ण झाली तर नेमकी कोणती गाडी होईल, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिच्या भावंडांचे बाजारभावही ठाऊक होते. घेणाऱ्याने त्या भावातून दुरुस्तीचा खर्च आणि स्वतःची जोखीम वजा केली, की बोली तयार. कस्टम, म्हणजे मालकाच्या मनाप्रमाणे बदलून बांधलेल्या, गाडीच्या बाबतीत या वजाबाकीतला पहिला आकडाच सापडत नाही. पूर्ण झालेली गाडी अजून फक्त मालकाच्या आणि मिस्त्रीच्या डोळ्यांपुढे असते. तिच्यासारखी दुसरी नसते, कारण तशी दुसरी नसावी याचसाठी ती बांधायला घेतलेली असते.

या छंदाचं मूळ १९३२च्या फोर्डमध्ये शोधता येतं. त्या वर्षी हेन्री फोर्डच्या कंपनीने सामान्य माणसाला परवडेल अशा किमतीत आठ सिलिंडरचं व्ही-एट इंजिन दिलं. ताकद ६५ अश्वशक्ती, त्या काळाच्या मानाने भरपूर. दुसऱ्या महायुद्धानंतर दक्षिण कॅलिफोर्नियातल्या तरुणांनी या जुन्या फोर्ड स्वस्तात उचलल्या, मडगार्ड काढून वजन उतरवलं, इंजिनांची ताकद वाढवली आणि कोरड्या सरोवरांच्या सपाट तळांवर त्या पळवल्या. हे झाले हॉट रॉड. दुसरी शाखा दिसण्याची: गाडी बुटकी करायची, छत कापायचं, पत्र्यावरचे सांधे आणि नक्षी काढून टाकायची.

या दुसऱ्या शाखेतली सगळ्यांत गाजलेली गाडी म्हणजे बॉब हिरोहाटाची १९५१ची मर्क्युरी. लॉस एंजेलिसजवळच्या सॅम आणि जॉर्ज बॅरिस या भावांनी १९५३च्या सुमारास ती घडवली. छत पुढच्या बाजूला चार इंच आणि मागे सात इंच कापलं, दारांमधला खांब काढून टाकला, अंगाला हिरव्या रंगाच्या दोन छटा दिल्या. नंतर ती हातोहात फिरली. १९५९मध्ये एका तरुणाने ती जेमतेम ५०० डॉलरला घेतली. अनेक वर्षं ती त्याच्या गॅरेजमध्येच होती. पुढे त्याने ती पुन्हा पहिल्यासारखी उभी केली. जानेवारी २०२२मध्ये फ्लोरिडातल्या किसिमी इथे मीकम कंपनीच्या लिलावात तिला शुल्कासह २१ लाख ४५ हजार डॉलर मिळाले. हे उदाहरण देऊन अनेक जण स्वतःची समजूत घालतात, आणि इथेच मला सावध करावंसं वाटतं. त्या मर्क्युरीची किंमत तिच्या इतिहासाची आहे. बॅरिस बंधूंचं नाव, त्या काळातल्या मासिकांतली छायाचित्रं, सत्तर वर्षांची कीर्ती, हे सगळं तिच्या पत्र्याबरोबर विकलं गेलं. आज आपण अगदी तशीच गाडी, तितक्याच कौशल्याने बांधली, तर तिला मजुरीही सुटणार नाही, अशीच शक्यता जास्त.

मोल ठरवायचं तर आधी खर्च, किंमत आणि भरपाई हे तीन आकडे वेगळे करायला हवेत. समजा एखाद्याने गंजलेली पण पूर्ण मर्क्युरी १५ हजार डॉलरला घेतली. चाकं, काचा, डॅशबोर्ड, कागदपत्रं, सगळं जागेवर. तिचा एकेक भाग सुटा केला, पत्रा वाळूच्या फवाऱ्याने साफ केला, सडलेले भाग कापले. आता खर्च २५ हजारांवर गेला. आणि बाजारात गाडीची किंमत मूळ १५ हजारांच्याही खाली आली. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हा अन्याय वाटतो. पण घेणाऱ्याच्या जागी उभं राहून पाहा. जुळलेली गाडी पाहताना त्याला काय आहे नि काय नाही ते दिसत होतं. आता त्याच्यापुढे एक सांगाडा आणि चाळीस खोकी आहेत. खोक्यांत सगळे स्क्रू, बिजागऱ्या, काचांच्या पट्ट्या आहेत का? दुसऱ्याने सुटी केलेली गाडी जोडणं हे मिस्त्रीच्या दृष्टीने सगळ्यांत नकोसं काम असतं. म्हणून किंमत आधी खोल दरीत उतरते. पत्राकाम पुरं झालं की थोडी वर येते, चासी स्वतःच्या चाकांवर उभी राहिली की आणखी थोडी. रंग झाल्यावर मोठी उडी घेते, कारण तोवर उरलेल्या कामाला किती खर्च येईल या शंकेपायी घेणारा हात आखडतो. इंजिन सुरू होऊन गाडी स्वतः चालत ट्रेलरवर चढली, की तिला खरा बाजार मिळतो.

म्हणून जाणता मूल्यमापक खर्चाच्या बेरजेवर थांबत नाही. तो गाडीखाली पडून वेल्डिंग पाहतो. पत्र्याला पत्रा नीट जोडलाय की पुटीने बुजवलाय, हे रंगाआधी पाहायला मिळतं, नंतर नाही. काम कुणी केलं हे विचारतो, कारण नावाजलेल्या कार्यशाळेची अर्धी गाडी आणि घरी शिकत शिकत बांधलेली अर्धी गाडी यांत बाजार मोठा फरक करतो. मालकाने स्वतः घातलेले हजार तास घेणाऱ्याच्या हिशेबात फारसे येत नाहीत. मला हे फार कठोर वाटतं, पण बाजार तसाच वागतो. निवडीही महत्त्वाच्या असतात. व्ही-एट इंजिन, डिस्क ब्रेक, सौम्य रंग यांना गिऱ्हाईक मिळतं. मालकाच्या फार खासगी आवडी, उदाहरणार्थ अंगभर काढलेली चित्रं, गाडीचा बाजार आकुंचित करतात.

अखंड जुन्या गाड्यांसाठी अमेरिकेत १ ते ४ अशी स्थितीची प्रतवारी रूढ आहे. प्रदर्शनात बक्षीस घेणारी गाडी १, रोज चालणारी पण झिजलेली ४. अर्धवट कस्टमला ही मोजपट्टी लागू पडत नाही. तिला दोन बाजूंनी मोजावं लागतं. वरून, म्हणजे पूर्ण झाल्यावरच्या अंदाजी किमतीतून उरलेलं काम वजा करून; आणि खालून, म्हणजे हाताशी असलेल्या प्रत्येक भागाला आज सुटा विकला तर काय मिळेल याची बेरीज करून. चांगलं इंजिन, गिअरबॉक्स, नवा मागचा आस, क्रोमचे भाग यांना स्वतःचा बाजार असतो. अनेकदा हे सुटे भाग एकत्र गाडीपेक्षा जास्त पैसे देतात.

आता विम्याकडे येऊ. विम्याचं जुनं तत्त्व असं, की नुकसान झालं त्यापेक्षा जास्त मिळू नये. रोजच्या गाडीसाठी ते ठीक चालतं, कारण गाडी दरवर्षी उतरत जाते आणि किती उतरली हे बाजार सांगतो. साध्या पॉलिसीत नुकसानीच्या दिवशीची घसारा धरलेली किंमत मिळते. सत्तर वर्षांच्या मर्क्युरीला हा नियम लावला तर कंपनीच्या तक्त्यात ती जवळजवळ भंगार ठरते.

दुसरा प्रकार फसवा आहे. त्यात मालक स्वतः किंमत सांगतो, पॉलिसीवर ती छापून येते, हप्ता तिच्यावर घेतला जातो. पण अटींच्या बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, की सांगितलेली किंमत आणि त्या दिवशीची बाजारकिंमत यांपैकी जी कमी असेल ती मिळेल. लोक छापील आकडा पाहून निश्चिंत होतात. या एका वाक्यापायी आयुष्यभराची मेहनत गेलेली माणसं असतात, म्हणून ते वाक्य शोधूनच सही करावी.

तिसरा प्रकार ठरीव किमतीचा. कंपनी आणि मालक आधीच एका आकड्यावर सहमत होतात. गाडी पूर्ण गेली तर घसारा न कापता तोच आकडा मिळतो. ही कल्पना समुद्रावरून आली. जहाज बुडालं तेव्हा ते किती किमतीचं होतं, हे हजारो मैलांवर बसून कोण ठरवणार? म्हणून निघण्याआधीच किंमत ठरवायची. ब्रिटनच्या १९०६च्या सागरी विमा कायद्यात आणि त्यावर बेतलेल्या भारताच्या १९६३च्या कायद्यात अशी किंमत, फसवणूक नसेल तर, दोन्ही पक्षांवर बंधनकारक मानली आहे. जुन्या मोटारींच्या विम्यातली अमेरिकेतली मोठी कंपनी हॅगर्टी हिची सुरुवातही १९८४मध्ये मिशिगनमधल्या ट्रॅव्हर्स सिटीत लाकडी होड्यांच्या विम्यातून झाली. मोटारींकडे ती नंतर वळली.

पण बांधकाम चालू असलेल्या गाडीला नुसती ठरीव किंमतही पुरत नाही, कारण आज ठरवलेला आकडा सहा महिन्यांनी खोटा पडतो. यालाही उत्तर गोदीतच सापडतं. बांधणी चालू असलेल्या जहाजाचा विमा फार पूर्वीपासून वेगळा उतरवला जातो. पूर्ण जहाजाची किंमत धरून पॉलिसी होते, आणि जोखीम कामाबरोबर वाढत जाते हे दोन्ही पक्ष मानून चालतात. मोटारींतही अमेरिकेत आता बांधणीतल्या गाडीसाठी खास संरक्षण मिळतं. त्यात ठरीव किंमत काम पुढे सरकेल तशी वाढवता येते. काही पॉलिसींत ती ठराविक मर्यादेपर्यंत आपोआपही वाढते. माझ्या मते या साऱ्या विषयातली ही सर्वांत शहाणी कल्पना आहे, कारण ती गाडीची खरी अवस्था मान्य करते. मालकाने फक्त एवढंच करायचं, की प्रत्येक टप्प्यानंतर कंपनीला कळवायचं. पत्राकाम झालं, कळवलं. रंग झाला, छायाचित्रं आणि बिल पाठवून आकडा वाढवून घेतला. रंगानंतर गाडी पंचवीस हजारांनी वाढली आणि पॉलिसी मात्र जुन्याच आकड्यावर राहिली, तर मधला सगळा फरक मालकाच्या अंगावर.

रस्त्यावर न जाणाऱ्या गाडीला कसला धोका, असं वाटू शकतं. खरं तर बांधणीतली गाडी धोक्याच्या अगदी मध्यभागी असते. वेल्डिंगच्या ठिणग्या, पेट्रोलची उघडी टाकी, थिनर, चार्जिंगला लावलेली बॅटरी, पुसायच्या चिंध्या, हे सगळं एका छपराखाली. जवसाच्या तेलासारखं वाळणारं तेल लागलेल्या चिंध्या बोळा करून टाकल्या, तर त्या आपोआप तापून पेटू शकतात, हे अनेकांना पटत नाही. पत्र्याला आगीची धग लागली की तो वाकतो, आणि महिनोन्‌महिने हातोडीने सरळ केलेला दरवाजा एका रात्रीत बाद होतो. त्यात चोरीची भर. आख्खी गाडी पळवणं कठीण. पण कार्ब्युरेटर, मीटर, दुर्मीळ ट्रिम पिशवीत मावतात.

शिवाय गाडी एका ठिकाणी नसतेच. बॉडी रंगाच्या गॅरेजमध्ये, इंजिन बोअर करायला मशीन शॉपमध्ये, सीट तिसरीकडे. अमेरिकेत घराच्या विम्यातून मोटार आणि तिचे सुटे भाग सहसा वगळलेले असतात. दुसऱ्याच्या गॅरेजात गाडी असताना त्या गॅरेजचा विमा आहे असं सांगितलं जातं, पण तो बहुधा गॅरेजची चूक असेल तेव्हाच पैसे देतो. शेजारच्या दुकानातून पसरलेल्या आगीत गॅरेजची चूक काय? म्हणून आपल्या पॉलिसीत सुटे भाग, आणि ते दुसऱ्या पत्त्यावर असतानाही, धरलेले आहेत का, हे लेखी घ्यावं. गाडी पहिल्यांदा रस्त्यावर काढायच्या आदल्या दिवशी पॉलिसी बदलायला हवी, हेही लोक विसरतात. गॅरेजमधलं संरक्षण रस्त्यावरच्या अपघाताला, आणि त्यात दुसऱ्या कुणाला झालेल्या इजेला, लागू होत नाही.

ओळखीचा प्रश्न कस्टममध्ये फार नाजूक होतो. ओहायोतल्या ब्रुकव्हिल इथली एक कंपनी १९३२च्या फोर्डची पोलादी बॉडी अगदी नवीन बनवून विकते. चासीही नवी मिळते, इंजिनही. म्हणजे एकही भाग १९३२चा नसलेली १९३२ची फोर्ड बांधता येते. तिची नोंदणी कोणत्या वर्षाची? कॅलिफोर्नियात अशा खास बांधलेल्या गाड्यांसाठी एसबी १०० हा कायदा आहे. दरवर्षी पहिल्या ५०० अर्जांना, गाडी ज्या काळासारखी दिसते त्या काळाच्या धुराच्या नियमांची सवलत त्यातून मिळते. पण जुन्या चासीची क्रमांकपट्टी उचलून नव्या सांगाड्यावर बसवली, आणि विमा कंपनीला मूळ फोर्ड म्हणून सांगितलं, तर विम्याचा पायाच उखडतो. विमा हा पूर्ण सद्‌भावाचा करार आहे. नवी बॉडी आहे असं सांगून कमी आकडा घ्यावा; दाव्याच्या दिवशी तोच पक्का ठरतो.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे सारं दूरचं वाटेल. पण जनरल मोटर्सने १९२८मध्ये मुंबईत शिवडीला मोटारी जुळवायला सुरुवात केली, स्वातंत्र्याच्या सुमारास वालचंद हिराचंद यांच्या प्रीमिअर कंपनीने कुर्ल्यात डॉज, प्लिमथ आणि पुढे फियाट जुळवल्या, महिंद्रांनी विलीज जीप आणल्या. त्या गाड्यांची पोरंबाळं अजून आपल्याकडच्या गॅरेजांत आहेत. आणि आपल्या मोटार विम्याची चौकट त्यांच्यासाठी फार अपुरी आहे.

भारतीय मोटार टॅरिफने, म्हणजे मोटार विम्याच्या नियमावलीने, घालून दिलेल्या पद्धतीत गाडीची आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीत धरलेली किंमत, उत्पादक कंपनीच्या विक्रीकिमतीतून घसारा कापून ठरते. चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के घसारा. पाच वर्षांनंतर विमा कंपनी आणि मालक आपसांत ठरवतील तो आकडा. या शेवटच्या वाक्यात जुन्या गाडीच्या मालकाला संधी आहे, कारण तिथे बिलं, छायाचित्रं आणि मूल्यमापन पुढे ठेवून वाटाघाट करता येते. खरी ठरीव किमतीची पॉलिसी मात्र त्या टॅरिफने फक्त व्हिंटेज गाड्यांना मोकळी ठेवली, आणि व्हिंटेज म्हणजे ३१ डिसेंबर १९४०च्या आधी बनलेली, व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाने तसा दाखला दिलेली. १९६५च्या फियाटला त्यात जागा नाही. अंशतः नुकसान झालं तर आणखी वाईट: दहा वर्षांवरच्या गाडीच्या धातूच्या भागांवर ५० टक्के घसारा, रबर-प्लास्टिकवर सरसकट ५० टक्के. काल बसवलेला नवा फेंडरही हिशेबात गाडीच्या वयाचाच धरला जातो.

हप्ता वाचवायला आयडीव्ही कमी लिहिण्याची आपल्याकडे सवय आहे. त्याचा एक परिणाम लक्षात घेतला जात नाही. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपेक्षा वाढला, की गाडी पूर्ण बुडीत धरली जाते. दोन लाखांची आयडीव्ही असलेल्या जीपचं नुसतं इंजिन जळालं तरी ती सीमा ओलांडली जाईल. मग तो छोटा आकडा घेऊन ती सोडून द्यायची वेळ येते.

कस्टमची अडचण कायद्याचीही आहे. २०२१मध्ये केंद्राने ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम आणले, पाटीवर व्हीए अक्षरं, दहा वर्षांची मुदत. पण अट अशी, की चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसावा. म्हणजे छत कापलेली गाडी बाहेर. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादक कंपनीने दिलेल्या मूळ वर्णनापासून दूर नेणाऱ्या बदलांना आडवं येतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये ते कडकपणे लावलं. हरियाणातल्या मंडी डबवालीसारख्या गावी जीपा घडवून घेणाऱ्यांनी हे आधी समजून घ्यावं. आरसी बुकात डिझेल इंजिन आणि बॉनेटखाली दुसरंच काही, अशी गाडी जळाली, तर विमा कंपनीचा सर्व्हेअर पहिलं बोट तिथेच ठेवतो. इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी आधी, काम नंतर.

विम्याची ही चौकट सुधारेपर्यंत आपल्याकडच्या गाडीमालकाला करता येण्यासारखं एक काम आहे. गाडी गॅरेजमध्ये उभी आहे, वापरात नाही, अशा काळात फक्त आग आणि चोरी यांच्यासाठी पॉलिसी देण्याची सोय त्याच टॅरिफमध्ये आहे. एजंट ती स्वतःहून क्वचितच सुचवतात, कारण हप्ता लहान असतो. ती मागून घ्यावी. आकडा ठरवताना गॅरेजवाल्याची छापील बिलं, तारखेची छायाचित्रं आणि स्वतंत्र मूल्यमापकाचा लेखी अहवाल जोडावा, कोणते भाग कोणत्या पत्त्यावर आहेत त्याची यादी द्यावी, आणि गाडी पूर्ण बुडीत ठरली तर तिचा सांगाडा आणि आरसी आपल्याकडे राहील का, राहिल्यास भरपाईतून किती कापणार, हे कंपनीकडून पॉलिसी घेण्याआधी लिहून घ्यावं.